पाण्यात वाकून बघणारा मधू

बातमी आली तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसच्या पायरीवर बसून एक थाप ऐन रंगात आणली होती. सकाळचे अकरा वाजले असतील. समोर सात-आठ रिटायर्ड मंडळी, ऑक्टोबरचं कोवळं ऊन, आणि मी सांगत होतो की पहाडगंजातल्या आमच्या मराठी शाळेचे ड्रिलमास्तर शिंकले की नवी दिल्ली स्टेशनात गाड्या सिग्नल समजून थांबायच्या. तेवढ्यात गेटवरचा गार्ड पळत आला. मला वाटलं, हाही गोष्ट ऐकायलाच आला. तो म्हणाला, "नानाजी, बी टॉवरवाले कारखानीस साहब नहीं रहे. अस्पताल से फोन आया है." मंडळी उठली, कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी काही लगेच उठलो नाही. गोष्टीचं पुढचं वाक्य तोंडात तयार होतं आणि ते गिळताही येईना...

मधुकर कारखानीस. सोसायटीला कारखानीससाहेब, माझा मधू. आम्ही दोघं पहाडगंजातल्या एकाच गल्लीत वाढलो, एका बाकावर बसून नापास होता होता पास झालो. त्याला पाच वाक्यं बोलायला आठवडा लागायचा, मला पाच मिनिटांत आठवडाभराचं बोलायचं असायचं, म्हणून आमचं जमलं. पुढे मी एका केंद्र सरकारी खात्यात कारकून झालो आणि मधू दिल्लीच्या नगरपालिकेत मलेरिया खात्यात लागला. त्याच्या वडिलांनी म्हणे दोन दिवस जेवण टाकलं. मुलगा इन्स्पेक्टर झाला एवढंच त्यांनी गावी कळवलं, कशाचा ते कळवलं नाही.

काम काय, तर वाकून बघायचं. रोज सकाळी खांद्याला पिशवी, पिशवीत बॅटरी, लांब दांड्याची पळी आणि पांढरा इनॅमलचा वाडगा. घरोघरी जायचं, गच्चीवर चढायचं, टाकीचं झाकण उचलायचं, कूलरच्या पोटात बॅटरी मारायची, पळीभर पाणी वाडग्यात घ्यायचं आणि थांबायचं. पाणी निवळलं की पांढऱ्यावर अळ्या वळवळताना दिसतात. दिसल्या की पाणी ओतायचं, घरच्यांच्या शिव्या खायच्या आणि पुढच्या जिन्याला लागायचं. तीस-बत्तीस वर्षं हेच. मी हिशेब केला होता की मधू जेवढे जिने चढला तेवढ्यात माणूस चंद्रावर जाऊन चहा पिऊन परत येईल. मधू म्हणाला, चंद्रावर पाणी नाही, मी कशाला जाऊ.

त्याच्यावरची माझी सर्वांत गाजलेली गोष्ट मगरीची. एका मोठ्या मंत्र्याच्या बंगल्यावर मधूनं कूलर उघडला आणि आत मगर निघाली. ही गोष्ट मी लग्नात, मुंजीत, श्राद्धपक्षाच्या जेवणावळीतसुद्धा सांगितली. दर वेळी मगर हातभर वाढायची. शेवटी ती इतकी लांब झाली की शेपूट शेजारच्या मंत्र्याच्या कूलरमध्ये ठेवावी लागली. खरं एवढंच होतं की त्या कूलरमध्ये अळ्या होत्या आणि मधूनं चलान फाडलं होतं. वर दम आला तरी मागे घेतलं नव्हतं. लोक हसून हसून लोळायचे आणि मधू कोपऱ्यात वरण-भात कालवत बसलेला असायचा. एकदाच मान वर करून म्हणाला, "मगर परवडली रे. ती एकालाच खाते."

तेव्हा त्या वाक्यालाही लोक हसले होते.

मग ते दिवस आले. एकेक गोष्ट खुली होत गेली, टीव्हीवर चॅनेलं आली, परदेशी माल आला, आणि मीही सरकारी खुर्चीला लाथ मारून परदेशी कंपनीचे फ्रीज विकायला लागलो. (लाथ वगैरे काही नाही. वेळेआधी निवृत्ती घेतली, साहेबांच्या पाया पडून.) त्याच सुमारास गुडगावात मोहरीच्या शेतांमधून इमारती उगवायला लागल्या. रंगीत माहितीपत्रकं घरी यायची, त्यात गोऱ्या मुली तळ्याकाठी संत्र्याचा रस पीत असायच्या. मी एक फ्लॅट बुक केला आणि मधूच्या मागे लागलो. चल, दिल्लीची घाण सोडू. तिथं पाणी आपलं, वीज आपली, रस्ता आपला, चौकीदार आपला. सरकार नावाचा प्राणी शेकडो मैलांत नाही. मधूनं रिटायर होताना हातात आलेलं सगळं त्या फ्लॅटमध्ये घातलं. माझ्या शब्दावर, हे इथं लिहायलाच हवं. साइट बघायला गेलो तेव्हा टाय लावलेल्या पोरानं त्याला जिम दाखवली, पोहण्याचा तलाव दाखवला. मधूनं एकच प्रश्न विचारला, इथं मलेरियावाले कोणत्या वारी येतात? त्या पोरानं घाईघाईनं माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिलं.

सोसायटीत आम्ही राजासारखे राहायला लागलो. दर शनिवारी एक खासगी कंपनी धुराचं मशीन घेऊन यायची. पांढराफेक लोट, पोरं मागून पळतायत, बायका बाल्कनीतून बघतायत. आमचे अध्यक्ष खन्नासाहेब म्हणायचे, देखो, मेंटेनन्स का पैसा दिखता है. मधू म्हणायचा, दिसतो म्हणूनच लोकांना आवडतो, डास मात्र तासाभरानं परत येतो, कारण त्याची पोरं पाण्यात सुरक्षित असतात. त्याला दिल्लीतला आपला जुना गबाळा मलेरियावाला आठवायचा. तो दिसत नाही, आठवतही नाही, फक्त त्या वर्षी गल्लीत कुणी तापानं मेलेलं नसतं.

एकदा संध्याकाळी फिरताना मी त्याला डिवचलं. म्हटलं, इतका टॅक्स भरतो आपण जन्मभर, सरकारनं दिलं काय? इथं मेंटेनन्स देतो आणि सगळं मिळतं. मधू चालता चालता थांबला. आमच्या भिंतीपलीकडे नव्या टॉवरचं काम चालू होतं, त्या मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्या होत्या आणि प्रत्येक झोपडीसमोर पाण्याचं निळं पिंप. त्यानं तिकडे बोट केलं.

"तू आतला धूर विकत घेशील, नान्या. त्या पिंपात कोण वाकणार?"

मी म्हटलं, ते बिल्डर बघेल. तो म्हणाला, "बिल्डर भिंतीपर्यंत बघतो. तूही भिंतीपर्यंतच बघतोस. दोन्ही बाजूंना बघायला जो माणूस लागतो, त्याचा पगार सगळ्यांनी मिळून द्यावा लागतो. तेवढ्यासाठी असतो टॅक्स." मधूच्या मानानं हे भाषणच झालं. मी त्याला टाळ्या वाजवून दाखवल्या. हा माझा आयुष्यभराचा आजार आहे, खरं बोलणाऱ्याला टाळ्या वाजवायच्या आणि तिथंच संपवायचं.

आता त्या हौदाचं सांगतो. सांगायचं टाळण्यासाठीच मी इतका वेळ मगरीबिगरी फिरवत बसलो होतो.

सोसायटीत आम्ही वीसेक मराठी घरं. जुनी दिल्लीकर आणि पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटर कंपन्यांत आलेली तरुण जोडपी. मंडळ काढलं मी, अध्यक्ष अर्थात मीच. आधी काही वर्षं आम्ही ट्रकमधून मूर्ती यमुनेवर न्यायचो, पण बॉर्डरवरच्या ट्रॅफिकमध्ये बाप्पाला चार-चार तास तिष्ठत ठेवावं लागायचं. म्हणून यंदा मीच टूम काढली, विसर्जन आतच करू. बी टॉवरच्या मागे, रोपवाटिकेजवळ, विटांचा हौद बांधला, टँकरनं भरला. काय थाट होता! मी तर फोनवर पुण्याच्या मेव्हण्याला सांगितलं की आमच्या हौदात लाटा येतात. मंडळाची मूर्ती आणि घरोघरचे गणपती सगळे त्यात सोडले. अडचण एवढीच की मंडळाची मूर्ती प्लास्टरची होती. ती काही विरघळेना. दोन दिवस झाले, चार झाले, बाप्पाचा मुकुट आणि एक हात पाण्यावर तसाच. पाणी काढून टाकावं तर मूर्ती उघडी पडणार, खन्नासाहेबांसकट सगळी सोसायटी बघणार. मी फर्मान काढलं, बाप्पा पूर्ण विरघळेपर्यंत हौदाला कुणी हात लावायचा नाही. विरघळायला मूर्तीला माझ्या अंदाजानं एक युग लागलं असतं.

नवव्या दिवशी सकाळी मधू आला. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी पिशवी तीच. हौदाच्या काठावर मंडळाची पाच-सहा माणसं होती, मी होतो. त्यानं कडेनं पळी बुडवली, वाडग्यात पाणी घेतलं, निवळू दिलं आणि वाडगा माझ्यासमोर धरला. मी बघितलं. बारीक, काळसर, उलट्या लटकलेल्या, मधूनच झटका देऊन खाली जाणाऱ्या... पाण्याला जणू खाज सुटली होती. मधू म्हणाला, ह्या गटारातल्या डासाच्या नाहीत, स्वच्छ पाण्यातल्याच्या आहेत, दिवसा चावतो तो. पाणी आज काढू, मूर्ती हलक्या हातानं उचलून इथंच जमिनीत पुरू. ते नको असेल तर निदान वरून तेलाचा थर देऊ.

तरुण मंडळी माझ्याकडे बघायला लागली. अध्यक्ष मी ना. मी म्हटलं, "बाप्पाच्या अंगावर रॉकेल ओतू?"

मधू शांतपणे म्हणाला, "उत्तरपूजा झाली की देव गेला, नान्या. तूच अक्षता वाहिल्यास. मागे राहिलं ते प्लास्टर आहे."

तो बरोबर होता. आमच्या धर्मात अगदी हेच सांगितलं आहे, आणि ते मलाही ठाऊक होतं. पण हौद माझा, मंडळ माझं, आणि पाच-सहा श्रोते समोर. मी गोष्ट काढली. जागच्या जागी रचली. म्हटलं, या मधूनं पहाडगंजात एकदा देवळातल्या तीर्थाच्या भांड्यात बॅटरी मारली, अळ्या शोधायला, पळीत तीर्थ घेतलं, आणि पुजाऱ्यानं याला असा पळवला की हा थेट मथुरेला जाऊन थांबला, तिथं यमुनेतही वाकून बघत होता. सगळे हसले. पोट धरून हसले. एका पोरानं तर डोळे पुसले. मधू हसण्याची वाट बघत उभा राहिला, ते संपलं तेव्हा त्यानं वाडग्यातलं पाणी कोरड्या फरशीवर ओतलं, म्हणजे त्या तेवढ्या तरी मरतील, आणि वाडगा पुसून पिशवीत टाकला.

त्यानं जुन्या गुडगावातल्या सरकारी मलेरिया ऑफिसला फोन केला असणार, कारण तिसऱ्या दिवशी पथक आलं. पथक म्हणजे एक बाई आणि एक माणूस, बस स्टॉपपासून पायी. गार्डनं इंटरकॉमवर खन्नासाहेबांना विचारलं. खन्नासाहेबांनी मला बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं, ही प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे, हे आत आले की नोटीस चिकटवणार, पेपरात नाव येणार, आणि रीसेलचे भाव झोपणार. पण हौद तुमच्या मंडळाचा, नानाजी, तुम्हीच सांगा काय करायचं. आता माझ्या डोळ्यांसमोर काय होतं? मुकुट आणि हात वर आलेली मूर्ती, शेजारी सरकारी बाई, आणि सगळी सोसायटी गोळा होऊन म्हणतेय, ये मराठी लोगों ने क्या कर रखा है. मी रिसीव्हर घेतला आणि गार्डला म्हटलं, "बोल दो, साहब लोग बाहर गए हैं."

आयुष्यात हजारो थापा मारल्या. ही सगळ्यांत छोटी.

मी खिडकीतून बघत होतो. मधू गेटवर गेला. रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव लिहून त्या दोघांना आपले पाहुणे म्हणून आत घेऊ लागला. गार्ड हात जोडत होता, साहेब, ऑर्डर आहे. मग मधू स्वतःच गेटबाहेर गेला आणि त्यांच्याबरोबर उन्हात उभा राहिला. बराच वेळ. नंतर गार्डनंच मला सांगितलं, मधू त्याला म्हणाला होता, या बाईचा पगार तुझ्या विडीकाडीतून आणि माझ्या पेन्शनीतून जातो, आपण तिला कामाला ठेवलंय आणि तीच आली तर आपण घरी नाही. गार्ड म्हणाला, साहेब, मला ते समजलं, पण सही तुमची नाही चालत. बाईनं पिशवी उचलली आणि दोघं भिंतीपलीकडच्या झोपड्यांकडे गेली. तिथं गेट नव्हतं.

दहा-बारा दिवसांत बी टॉवरमध्ये घराघरात ताप सुरू झाला. मधूला बुधवारी आला. शुक्रवारी अंगावर लाल ठिपके. गुडगावातल्या चकचकीत हॉस्पिटलानं बाहेरच्या बाहेर सांगितलं, प्लेटलेट नाहीत, दिल्लीला न्या. त्यांच्या लॉबीत कारंजं होतं, एवढं मला आठवतं. दिल्लीतल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात त्याला कॉरिडॉरमध्ये जागा मिळाली, एका खाटेवर दोघं, दुसरा एक रिक्षावाला. तिथल्या तरुण डॉक्टरणीला मी तीन दिवसांत एकदाही बसलेलं पाहिलं नाही. ती कुणाला विचारत नव्हती की हा रुग्ण कुठल्या सेक्टरचा, मेंटेनन्स भरलाय का. तिनं खूप केलं, पण उशीर झालेला होता. मधू शुद्धीवर असायचा तेव्हा शेजारच्या रिक्षावाल्याला विचारायचा, तुझ्या घरात पाणी कशात भरतात? झाकण आहे का? तिसऱ्या दिवशी मी त्याच्या उशाशी बसलो होतो. मला सांगायचं होतं. गेटवर काय निरोप गेला, कुणी दिला, सगळं. मी सुरुवात केली, मधू, एक सांगू का... त्याच्या तोंडाला कोरड पडली होती. म्हणाला, "गोष्ट नको आज."

मी पाण्याचा पेला त्याच्या ओठांना लावला. आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता क्लब हाऊसच्या पायरीवर मी ड्रिलमास्तरांच्या शिंकेची गोष्ट सांगत होतो, कारण दवाखान्यात जायची माझी हिंमत झाली नव्हती.

तो गेला त्याच दुपारी खन्नासाहेबांनी पंप लावून हौद रिकामा करवला. तासाभराचं काम. मूर्ती खड्ड्यात पुरली, वर माती, मातीवर झेंडू. आणि मी? लोक भेटायला येत होते, विचारत होते, अहो पण असं कसं झालं. पहिल्यांदा कुणाला सांगितलं ते आठवत नाही, पण मी सांगून टाकलं की मधू पंधरवड्यापूर्वी पहाडगंजला गेला होता, जुन्या घरी, तिथं काय घाण, काय डास, तिथंच चावला असणार. ऐकणाऱ्यांचे चेहरे सैल झाले. मला तो सैलपणा आवडला. दुसऱ्या दिवशी गोष्टीत जुनं घर आलं, तिसऱ्या दिवशी उघडी टाकी आली. तेराव्यापर्यंत सगळ्या सोसायटीला ठाऊक झालं होतं की कारखानीससाहेबांना दिल्लीनं मारलं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात पथक पुन्हा आलं. या वेळी खन्नासाहेबांनीच बोलावलं होतं, आणि गेटवरून आत न्यायला मला पाठवलं. तीच बाई. पन्नाशीची, पायात कापडी बूट. चालता चालता तिनं सांगितलं की भिंतीपलीकडे दोन माणसं गेली, एक बाळंतीण होती. त्यांची पिंपं आम्ही दर आठवड्याला बघत होतो साहेब, साफ होती, समजलं नाही कुठून आलं. मी म्हटलं, हो, कळत नाही. मग ती म्हणाली, आधी त्या साहेबांच्या घरी जाऊ, ते त्या दिवशी आमच्याबरोबर उभे राहिले होते.

मधूच्या बायकोनं, सुधावहिनींनी, दार उघडलं. घराला ताजा रंग होता, दिवाळीआधीच मधूनं सांगून ठेवलेल्या रंगाऱ्याला त्यांनी परत पाठवलं नव्हतं. बाईनं कूलर बघितला, कुंड्यांच्या ताटल्या बघितल्या, बाथरूममधली टाकी बघितली. मग सवयीनं तिनं बाथरूमचं दार ओढून त्याच्या मागची बाजू बघितली आणि तशीच उभी राहिली. जुन्या दिल्लीत मलेरियावाला घर तपासून गेला की दारामागे खडूनं तारीख, काय सापडलं आणि सही लिहून जायचा, हे मी विसरून गेलो होतो. या नव्या सोसायटीत कुठला आलाय खडू. पण त्या दारामागे वरपासून खालपर्यंत ओळी होत्या. दर रविवारची तारीख, पुढे शून्य, पुढे म. का. आम्ही राहायला आलो तेव्हापासूनच्या. दार भरलं की पुसून पुन्हा सुरुवात, अर्धवट पुसलेल्या जुन्या रेघांवर नव्या चढलेल्या. तेवढं एक दार रंगवायचं राहिलं होतं.

वहिनी म्हणाल्या, मी रंगाऱ्याला सांगितलं, हे सोड.

बाई वाचत होती. बोट न लावता, ओळीवरून नजर फिरवत. शेवटची ओळ त्याला ताप आला त्याच्या आधीच्या रविवारची. ती म्हणाली, "इस घर में तो कभी कुछ निकला ही नहीं, बहनजी. साहब कहीं बाहर गए थे क्या उन दिनों?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. सोसायटीत फिरणारी माझी गोष्ट त्यांच्या कानावर आलेली होती, येणारच होती. मी दाराकडे बघितलं. तोंड उघडलं असतं तर काहीतरी आलंच असतं, नेहमी येतं.

"गणपतीपासून हे गेटबाहेर फक्त एकदा गेले," वहिनी म्हणाल्या, मराठीतच, बाईला नाही, मला. "तुम्ही खिडकीत उभे होतात तेव्हा."

बाईला शब्द कळले नाहीत. तिनं पिशवीतून खडू काढला, मधूच्या शेवटच्या ओळीखाली तारीख घातली, शून्य काढलं, सही केली.

आता ती दर बुधवारी येते. मीच गेटवर जाऊन रजिस्टरमध्ये तिच्यापुढे माझं नाव लिहितो आणि तिला बी टॉवरला घेऊन जातो. पायरीवरच्या मंडळींना मी खरं काय ते सांगून टाकलं, गेटवरच्या निरोपासकट. ते हसले. त्यांना वाटलं, नानांनी नवी गोष्ट काढली... वहिनी दार उघडतात, बाई आत जाते. मला कुणी या म्हणत नाही आणि मीही आत जात नाही. जिन्यात उभा राहतो. आतून टाकीचं झाकण उचलल्याचा आवाज येतो, मग बराच वेळ काही नाही, पाणी निवळायला लागतो तेवढा वेळ, आणि मग लाकडावर खडू.